धावत्या गाडीत लॅपटॉपला इंटरनेट: निवड कशावर करावी?

रोजच्या रेल्वेप्रवासातला वेळ कामी लावायचा, तर लॅपटॉपला इंटरनेट कशातून द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वेगाचा वाटतो आणि जाहिरातींतही ठळक आकडा वेगाचाच असतो. निरनिराळे पर्याय वापरल्यानंतर माझे मत मात्र असे झाले आहे की, धावत्या गाडीत खरी अडचण सलगतेची असते. जोडणी किती वेळा तुटते, किती सेकंद तुटलेली राहते आणि ती परत आल्यावर आपले काम किती सहज पुढे सुरू होते, या गोष्टी पाहूनच पर्याय निवडावा.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी आपला मार्ग तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. फोनचा हॉटस्पॉट लावून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगचा आदेश (दूरच्या संगणकाला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारा) सतत चालू ठेवला की साधारण दर सेकंदाला उत्तराची एक ओळ उमटत जाते. सुरुवातीला चाळीस-पन्नास मिलिसेकंदांत येणारी उत्तरे मध्येच चारशे, नऊशेपर्यंत चढतात आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशा ओळींची रांग लागते. मूळ सेटिंगमध्ये अशा प्रत्येक ओळीमागे सुमारे चार सेकंद गेलेले असतात, त्यामुळे नुसत्या ओळी मोजल्या तरी खंड किती मोठा होता, हे कळते. स्पीड टेस्ट केवळ त्या ठिकाणचा आणि त्या काही सेकंदांचा वेग दाखवते, हे खंड तिच्यात दिसत नाहीत. ही तपासणी जाता-येताना, दोन्ही वेळच्या गर्दीत करावी, कारण भरलेली गाडी पुढे सरकते तेव्हा तिच्यातले शेकडो फोन जवळजवळ एकाच वेळी नव्या टॉवरकडे वळतात.

खंड पडण्याची इतर कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. डब्याचा धातूचा सांगाडा आणि काही गाड्यांच्या काचांवरचा धातूचा पातळ थर रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे खिडकीजवळ आणि डब्याच्या मध्यभागी रेंजमध्ये फरक पडू शकतो. जास्त वारंवारतेच्या लहरी अशा अडथळ्यांतून अधिक क्षीण होतात. मार्गाच्या ज्या भागात फाइव्ह-जी येत-जात राहते, तिथे फोन फोर-जीवरच स्थिर ठेवला, तर वेग घटूनही काम अधिक सुरळीत चालते, असा माझा अनुभव आहे. शिवाय रेंज क्षीण असली की फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते, म्हणून बॅटरीही लवकर उतरते.

पहिला पर्याय अर्थातच आपला फोन, आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. तो लॅपटॉपला जोडावा कसा, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. गर्दीच्या डब्यात अनेकांचे हॉटस्पॉट चालू असतात आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सामान्यतः तीनच मिळतात. अशा वेळी यूएसबी केबलने केलेले टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणे, मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्यात वायफायची गर्दी आड येत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. तो भार लॅपटॉपच्या बॅटरीवर पडतो, हे खरे, परंतु लॅपटॉपची बॅटरी त्या मानाने मोठी असते. केबल डेटा वाहून नेणारी हवी, कारण काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात. अँड्रॉइड फोन आणि मॅक ही जोडी केबलने जुळेलच असे नाही, ते आधी पाहून घ्यावे. केबल शक्य नसेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा. ब्लूटूथ वीज कमी खाते, पण वेग जेमतेम मेल पाहण्यापुरता मिळतो.

डोंगलबद्दल, म्हणजे यूएसबीत खोचायच्या सिमच्या छोट्या उपकरणाबद्दल, मी फारसा उत्साही नाही. तो लॅपटॉपच्या कडेला बाहेर आलेला असतो, गर्दीत त्याला धक्के लागतात आणि विजेसाठी तो लॅपटॉपवरच अवलंबून असतो. खिशात मावणारा राउटर (सिम घालून वायफाय देणारे छोटे उपकरण) त्याहून बरा, कारण त्याची स्वतःची बॅटरी असते, तो खिडकीपाशी ठेवता येतो आणि फोन मोकळा राहतो. लॅपटॉपमध्येच सिमची सोय असेल तर ती सर्वोत्तम. झाकण उघडताच जोडणी तयार असते. ही सोय खरेदीच्या वेळीच निवडावी लागते, कारण पुष्कळ मॉडेल्समध्ये त्यासाठीचे अँटेना बसवलेलेच नसतात. गाडीतले मोफत वायफायदेखील बहुधा मोबाइल टॉवरवरूनच येते. छतावरच्या बाहेरील अँटेनाचा त्याला फायदा मिळतो, पण तो सगळ्या प्रवाशांत वाटला जातो.

दुसरे उपकरण घेण्यापेक्षा दुसरे नेटवर्क घेणे अधिक उपयोगाचे, असे माझे ठाम मत आहे. एकाच कंपनीची दोन सिम एकाच ठिकाणी एकत्र बंद पडतात. वेगळ्या कंपनीचे सिम किंवा ई-सिम फोनमध्ये असले की एकाचा खंड दुसऱ्याने भरून काढण्याची शक्यता असते. नाव वेगळे असूनही काही कंपन्या दुसऱ्याच कंपनीचे टॉवर वापरतात, एवढी चौकशी आधी करावी. त्याच वेळी हॉटस्पॉटसाठी डेटाची वेगळी मर्यादा आहे का, हेही विचारावे. सतत १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने डेटा वापरला, तर तासाला ४५० मेगाबाइट खर्च होतात आणि व्हिडिओ कॉलला अनेकदा त्याहून अधिक लागतात. विंडोजमध्ये ही जोडणी 'मीटर्ड' (मर्यादित डेटाची) म्हणून नोंदवावी आणि मॅकवर 'लो डेटा मोड' चालू करावा, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारी बरीचशी अपडेट आणि सिंक थांबतात.

कामाचे स्वरूपही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. मेल, लेखन आणि गिटवरचे (प्रोग्रामच्या फाइलींतील बदल नोंदवणाऱ्या साधनावरचे) काम जोडणी नसताना चालू राहते आणि रेंज आल्यावर पुढे पाठवता येते. दूरचा संगणक पडद्यावर दाखवणारे रिमोट डेस्कटॉप आणि त्याला लेखी आदेश देण्याचे साधे एसएसएच खंड पडला की अडून बसतात. एसएसएचऐवजी मॉश हा प्रोग्राम वापरल्यास आयपी पत्ता (नेटवर्कवरची लॅपटॉपची ओळख) बदलला तरी सत्र टिकते, आणि व्हीपीएनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी देणाऱ्या सोयीत, वायरगार्ड हा प्रकार असा बदल चांगला सांभाळून घेतो. व्हिडिओ कॉल करावाच लागला तर मी कॅमेरा बंद ठेवतो.

सध्या माझी व्यवस्था केबलने जोडलेला फोन, त्यात दोन वेगळ्या नेटवर्कची सिम आणि निघण्यापूर्वीच उतरवून ठेवलेल्या मोठ्या फाइली, एवढीच आहे. लॅपटॉपखेरीज आणखी उपकरणे जोडावी लागली असती किंवा फोन दिवसभर कॉलसाठी राखून ठेवावा लागला असता, तर मी खिशातला राउटर घेतला असता. पुढचा लॅपटॉप घेताना मात्र सिमची सोय असलेलाच पाहणार आहे.