टर्मिनलवर चालतं, वेबवर पाचशे: अखेर सापडलं

सापडलं! चार संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार गेला, पण काल रात्री पावणेबाराला माझ्या साइटवरच्या शब्दकोड्यांच्या पानाने 'इंटर्नल सर्व्हर एरर'ची, म्हणजे पाचशे क्रमांकाच्या चुकीची, पाटी उतरवली आणि गुमान यादी दाखवली. मागच्या वेळी 'पुढच्या नोंदीत नवीन शोधपेटी' असं सांगून गेलो होतो. ती शोधपेटी होती तिथेच आहे. आजची नोंद जवळजवळ सगळी एका ओळीवर खर्च होणार आहे.

सर्व्हरवरच्या डेबियन लिनक्सला १२ वरून १३ वर न्यायचं कधीपासून घाटत होतं. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा ५.३६ वरून ५.४०. त्याच शनिवारी मी आणखी एक शहाणपणा केला. सीजीआय स्क्रिप्टा (पान मागितलं की वेब सर्व्हर चालवतो ते छोटे प्रोग्रॅम) आजवर अपाचे या वेब सर्व्हरच्या सामाईक यूजरखाली चालायच्या, त्या सूएक्झेक हे अपाचेसोबतचं साधन लावून माझ्या यूजरखाली आणल्या. एसक्यूलाइट या डेटाबेसला नुसत्या त्याच्या फाइलवर लिहिता येऊन भागत नाही, जर्नलसाठी (बदल करतानाच्या तात्पुरत्या नोंदीसाठी) तिच्या फोल्डरवरही लिहायची मुभा लागते. त्यामुळे तो फोल्डर मी सगळ्यांसाठी सताड उघडा ठेवला होता आणि ते डोळ्यांत खुपत होतं. दोन मोठे बदल, एकाच दुपारी. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

पहिला फटका अपेक्षित होता. अपग्रेडनंतर लोकल::लिबमधलं (माझ्या होम फोल्डरमधल्या पर्ल मॉड्यूलांच्या साठ्यातलं) एकूण एक एक्सएस, म्हणजे सी भाषेतून कंपाइल झालेलं, मॉड्यूल कोसळलं. टर्मिनलवरसुद्धा 'लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड' आणि पुढे त्या दोन हँडशेक कीज. हे ज्यांना नवीन असेल त्यांच्यासाठी: लोकल::लिबच्या फोल्डरच्या नावात प्रोसेसरचा प्रकार असतो, पर्लची आवृत्ती नसते. त्यामुळे ५.३६ साठी कंपाइल झालेल्या फाइली ५.४० निमूटपणे उचलतं आणि हात मिळवायच्या वेळी ओळख पटत नाही. शुद्ध पर्लमधल्या मॉड्यूलांना काही होत नाही, म्हणून निम्मं चालतं आणि निम्मं नाही.

सीपॅन या पर्लच्या मॉड्यूलभांडारातून मॉड्यूलं चढवणाऱ्या सीपॅनएमला सांगून बघितलं तर म्हणतो, सगळं अद्ययावत आहे. बरोबरच आहे त्याचं, तो मॉड्यूलच्या पीएम फाइलमधला आवृत्तीचा आकडा वाचतो, सी कोड कोणत्या पर्लसाठी घडवला ते बघत नाही. री-इन्स्टॉलचा पर्याय आहे, पण मी तो जुना फोल्डरच बाजूला सरकवला आणि सतरा मॉड्यूलांची यादी नव्याने चढवली. डीबीडी::एसक्यूलाइटला (पर्लला एसक्यूलाइटशी जोडणाऱ्या मॉड्यूलला) वेळ लागला, कारण ते आख्खं एसक्यूलाइट पोटात घेऊन येतं: एकच सी फाइल, दोन लाखांहून जास्त ओळी. माझ्या एका कोअरच्या सर्व्हरवर तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून झाला. पण एकाही टेस्टने तक्रार केली नाही. सतराच्या सतरा पास! ती शेवटची ओळ मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

(सीपॅनचं जुनं शेल अजून वापरणारे इथे दोघे-तिघे आहेत. तुमच्या चिकाटीला सलाम. मला त्याचे प्रश्न सोसत नाहीत. सीपॅनएम मात्र उलट टोकाचा, काही बिघडलं तर एवढंच म्हणतो की बिल्ड लॉग बघा. तो लॉग खरंच बघायचा असतो, हे शिकायलाच मला वर्ष लागलं.)

टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवली. यादी आली. ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं. पाचशे.

खरं दुखणं इथून सुरू झालं. अपाचेच्या लॉगमध्ये 'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स', म्हणजे काहीच न सांगणं. तिच्या वरच्या ओळीत खरी तक्रार होती: डीबीडी/एसक्यूलाइट डॉट पीएम @इन्कमध्ये (पर्ल मॉड्यूलं जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सापडत नाही, 'यू मे नीड टू इन्स्टॉल'. अरे बाबा, केलंय ना इन्स्टॉल.

पहिला संशय अर्थातच दोन पर्लांचा. शीबँगची (कोणतं पर्ल वापरायचं ते सांगणारी, फाइलीच्या माथ्यावरची) ओळ तपासली, सर्व्हरवर दुसरं पर्ल कुठे दडलंय का ते शोधलं. एकच होतं. दुसरा संशय पर्ल५लिबचा, म्हणजे @इन्कमध्ये जादा फोल्डर घालणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगचा). अपाचेच्या कॉन्फिगमध्ये सेटएन्व्हने मी ते कधीचं देऊन ठेवलंय आणि आजवर त्यावरच सगळं चाललं होतं. रीस्टार्ट केला, पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केला. काही फरक नाही.

मग वाटलं, अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्क्रिप्टलाच विचारावं. वर एक बिगिन ब्लॉक (सगळ्यात आधी चालणारा तुकडा) टाकला, @इन्क आणि सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टेम्प फोल्डरमधल्या एका फाइलीत ओतायला. पान उघडलं, पाचशे आलं, फाइल बघायला गेलो तर फाइलच नाही! इथे मी दीड तास घालवला. परवानग्या पाहिल्या, डिस्क भरली का पाहिलं, शेवटी शंका आली की ही स्क्रिप्ट चालते तरी का. फाइल तयार होत होती. डेबियनच्या अपाचे सर्व्हिसला सिस्टिमडीचं (सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) 'प्रायव्हेट टेम्प' लावलेलं असतं, म्हणजे अपाचे ज्याला टेम्प समजतो तो त्याचा खाजगी फोल्डर असतो, खऱ्या टेम्पमध्ये 'सिस्टिमडी-प्रायव्हेट' असल्या लांबलचक नावाखाली गाडलेला. रूट होऊन आत गेलो तर माझ्या अकरा फाइली तिथे ओळीने बसलेल्या.

फाइल उघडली आणि एक उत्तर मिळालं: पर्ल५लिब त्यात नव्हतंच. सूएक्झेक स्क्रिप्टला हाक मारण्याआधी एन्व्हायर्नमेंट धुऊन काढतं. एक ठरलेली सुरक्षित यादी आहे, त्यातली व्हेरिएबलं तेवढी आत जातात, बाकीची दारातच गळतात. क्वेरी स्ट्रिंग, रिमोट, सर्व्हर, एचटीटीपी वगैरे मंडळी आत, पर्ल५लिब बाहेर. ही यादी कॉन्फिगमधून बदलत नाही, कंपाइल करतानाच ठरते. अपाचेच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय आणि मी ते वाचलेलंही होतं, निदान नजर तरी फिरवली होती.

एक पळवाट सुचली होती. एचटीटीपीने सुरू होणारं कुठलंही नाव आत जातं, म्हणजे त्या नावाने पाथ पाठवायचा आणि बिगिन ब्लॉकमध्ये उचलायचा. कृपया करू नका. ब्राउझरच्या हेडरांतून येणारी व्हेरिएबलं त्याच उपसर्गाने येतात. एखाद्या दिवशी सेटएन्व्हची ओळ उडाली तर तुमची मॉड्यूलं कुठून उचलायची हे बाहेरचा माणूस ठरवेल.

म्हणून सरळ रस्ता: प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर 'यूज लिब', म्हणजे मॉड्यूलांचा फोल्डर स्क्रिप्टमध्येच सांगायचा. पूर्ण पाथ लिहिणं मला अडाणीपणाचं वाटतं, म्हणून झोकात होम व्हेरिएबल (त्यात यूजरच्या फोल्डरचा पाथ असतो) वापरलं. 'होम'च्या पुढे /पर्ल५/लिब/पर्ल५. टर्मिनलवर चाललं. वेबवर पाचशे. तीच तक्रार, तेच मॉड्यूल.

दोन संध्याकाळी मी त्या लॉगकडे बघत होतो. परवानग्या पुन्हा तपासल्या, होम फोल्डरचं दार बाहेरून दिसतं का ते तपासलं (सूएक्झेकमध्ये स्क्रिप्ट माझ्याच यूजरखाली चालते, तेव्हा त्याचा काही संबंधच नव्हता). सूएक्झेकच्या चुका तर त्याच्या वेगळ्या लॉगमध्ये पडतात, म्हणून तोही चाळला. तिथे सगळं आलबेल. एकदा तर मॉड्यूल खोटं कंपाइल झालंय असं ठरवून पुन्हा चढवलं. परत चहा.

काल रात्री टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवताना पुढे 'एन्व्ह -आय' लावून बघितलं. म्हणजे माझं शेलचं सगळं सामान काढून घ्यायचं आणि उघड्या अंगाने पर्लला पाठवायचं. आणि टर्मिनलवरही फुटलं! पाच दिवसांत पहिल्यांदा दोन्हीकडे एकच चूक. मी खुर्चीत सरळ बसलो. तक्रारीतली @इन्कची यादी या वेळी एकेक करून बोटाने वाचली. पहिलीच नोंद:

/पर्ल५/लिब/पर्ल५

याला धडच आहे, शीर नाही. होम कुठे गेलं? होमही त्या सुरक्षित यादीत नाही. सूएक्झेकने ते पर्ल५लिबबरोबरच धुऊन टाकलं होतं, मी रिकाम्या स्ट्रिंगला पाथ चिकटवत होतो आणि पर्ल इमानेइतबारे रूटखाली पर्ल५ नावाचा फोल्डर शोधत होतं. ही ओळ लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून होती. लांब पाथांच्या गर्दीत ती ओळखीची वाटायची, म्हणून डोळा तिच्यावरून घसरायचा.

आता तुम्ही विचाराल, पर्लने वॉर्निंग कशी दिली नाही? मलाही तोच प्रश्न पडला. उत्तर ऐकून स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घ्या. माझ्या फाइलीत शीबँगखाली 'यूज लिब' पहिल्या ओळीवर आणि 'यूज वॉर्निंग्ज' तिसऱ्या ओळीवर होतं. 'यूज' कंपाइलच्या वेळी, वाचता वाचताच अमलात येतं, त्यामुळे पाथ जोडला जात असताना वॉर्निंग अजून चालूच झालेल्या नव्हत्या. ओळींची अदलाबदल केली आणि लॉगमध्ये लगेच 'यूज ऑफ अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू', सोबत होमचं नावसुद्धा. दोन ओळी खालीवर केल्या असत्या तर ही नोंद तीन वाक्यांत संपली असती.

दुरुस्ती: होम व्हेरिएबलवर भरवसा न ठेवता गेट-पीडब्ल्यू-यूआयडी फंक्शनला चालू यूजरचा आकडा द्यायचा आणि उत्तरातला सात क्रमांकाचा घटक घ्यायचा (मोजणी शून्यापासून). ते पासवर्ड फाइलीतून येतं, एन्व्हायर्नमेंट कितीही धुतलं तरी. तिल्डा लिहायचा मोह होईल, पण तिल्डाचा अर्थ शेलला कळतो, अवतरणातल्या तिल्डाला पर्ल हातही लावत नाही.

मधल्या काळात एक गोष्ट पहिल्या फटक्यात जमली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शब्दांची यादी साध्या सॉर्टने लावली की ळ हा ल नंतर लगेच येतो आणि क्ष क च्या घोळक्यात हरवतो, कारण युनिकोडचे आकडे तसेच आहेत. युनिकोड::कोलेट::लोकेल पर्लसोबतच येतं, काही चढवावं लागत नाही. त्याला मराठीचा कोड 'एमआर' दिला आणि ह, ळ, क्ष, ज्ञ असे शाळेच्या तक्त्यासारखे ओळीत उभे राहिले.

पुढचा बेत मॉड-पर्लचा होता, तो रद्द. एवढ्या छोट्या कामासाठी अपाचेच्या पोटात पर्ल बसवायचं आणि मॉड्यूल बदललं की अपाचे रीस्टार्ट करायचा, नको. त्याऐवजी प्लॅककडे (पर्लमधले वेब प्रोग्रॅम चालवायच्या साधनांकडे) वळावं म्हणतो. जुन्या सीजीआय स्क्रिप्टा गुंडाळून घ्यायची सोय त्यात आहे, आणि आपली स्वतंत्र प्रोसेस असली की एन्व्हायर्नमेंट आपल्या हातात. पण हे टाइप करताना सहज म्हणून ॲप्टमध्ये (डेबियनची पॅकेजं चढवणाऱ्या साधनात) सतराच्या सतरा नावं शोधली, तर त्यातली चौदा डेबियनच्या पॅकेजांत आहेतच. ती तिथून घेतली तर पर्ल आणि एक्सएस मॉड्यूलं एकत्रच अपग्रेड होतील आणि हँडशेकचं लफडं कायमचं मिटेल. आवृत्त्या थोड्या जुन्या मिळतील, मिळोत बापड्या. उरलेली तीन सीपॅनफाइलमध्ये (लागणाऱ्या मॉड्यूलांच्या यादीत) लिहून कार्टनकडे, त्यांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाकडे, देईन. म्हणजे आधी हे, मग प्लॅक, आणि शोधपेटी त्यानंतर.

थांबा. होमबद्दल लिहिता लिहिता आठवलं की त्याच रविवारी आवराआवर करताना मी क्रॉनटॅबमधलेही (बॅकअपसारख्या ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतलेही) पूर्ण पाथ काढून तिथे डॉलर-होम लिहिलं होतं. क्रॉन होम देतो खरा, पण क्रॉनटॅबमध्ये व्हेरिएबलच्या किमतीत दुसरं व्हेरिएबल उलगडत नाही, जे लिहाल ते अक्षरशः तसंच पुढे जातं. आत्ता जाऊन बघितलं: रविवारपासून एकही बॅकअप निघालेला नाही. शेवटची फाइल शनिवारची, सव्वादोनची.

पूर्ण पाथ परत लिहिलाय, अडाणी तर अडाणी. आज सव्वादोनला जागा राहून बघतो.