चेन्नईचा पाऊस दिवाळीनंतर येतो

आम्ही सोलापूरची माणसं. पाऊस म्हटला की जूनमध्ये डोळे आकाशाला लागतात, खरा पाऊस सप्टेंबरात येतो आणि दिवाळीपर्यंत सगळं आटोपतं. त्यामुळे आई म्हणाली, "एकदा मद्रास दाखव बाई, मैलापूरचं देऊळ आणि समुद्र," तेव्हा मी भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढली. तिकिटं काढून देणाऱ्या इथल्या माणसाला दोनदा विचारलं होतं. "ऑक्टोबर ते मार्च, दक्षिणेत कधीही जा ताई, सीझनच आहे," असं तो म्हणाला. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस होता आणि चौथ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो तेव्हाही पाऊसच होता. मधले तीन दिवस आम्ही एग्मोरच्या एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून काढले. खाली रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी, त्यात चपला तरंगताहेत. रिक्षावाले हात वर करून "मळै, अम्मा, मळै" (पाऊस, बाई, पाऊस) म्हणत निघून जात. आईचं वय ७१, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या पाण्यात तिला कुठे उतरवणार? जॉर्ज टाऊनमधलं कालिकांबाळचं देऊळ बघायची तिची फार इच्छा होती. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते अशी आठवण त्या देवळात जपलेली आहे. आम्ही तिथपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर होतो आणि जाऊ शकलो नाही. आई एका शब्दाने बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिने बॅगेतून शेंगाचटणीची पुडी काढली आणि म्हणाली, "चल, घरचंच खाऊ." तेव्हा मला गलबलून आलं.

शेवटच्या संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला म्हणून टॅक्सी करून मैलापूर गाठलं. कपालीश्वराचं गोपुर दिसतंय न दिसतंय तोच पुन्हा सर आली. आम्ही पितळी समया आणि पूजेचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. दुकानदार आजोबा कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. त्यांनी न विचारता आतून स्टूल आणून आईपुढे ठेवलं, मग पंख्याचं तोंड तिच्या ओल्या पदराकडे वळवलं. काही विकत घेता का, असं एकदाही विचारलं नाही. मोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. ते म्हणाले, हाच तर आमचा पावसाळा, या दिवसांत तुम्ही कशा आलात? मार्गळीत, डिसेंबरच्या मध्यानंतर या. आईच्या गुडघ्याकडे बघत पुन्हा म्हणाले, मार्गळीत या, पहाटे या.

घरी आल्यावर मी हे सगळं नीट समजून घेतलं, आणि जे कळलं ते सोलापूरच्या शाळेतल्या भूगोलाइतकंच सोपं निघालं. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा सह्याद्रीवर पाणी सांडतो आणि पलीकडे कोरडा होतो. आपण पर्जन्यछायेत, तसेच तेही पर्जन्यछायेत. फरक एवढाच की त्यांच्या दारात बंगालचा उपसागर आहे. ऑक्टोबरात वारे उलटतात, ईशान्येकडून समुद्रावरून वाहत येतात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोसळतात. चेन्नईला वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. नोव्हेंबर सगळ्यात ओला. ज्या आठवड्यात आपल्याकडे फराळाचे डबे रिकामे होत असतात, नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही तिथे गेलो होतो.

आणि डिसेंबर लागला म्हणजे धोका टळला असंही नाही. २०१५ चा तो भयंकर पूर डिसेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांतला. २०१६ मध्ये वरदा वादळ शहरावर आलं ते १२ डिसेंबरला. २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात शहर बुडालं तेही डिसेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी पंधरा डिसेंबरच्या आधी जाऊ नका म्हणते. तरी एखादं वादळ उशिरा येऊ शकतंच. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा. आमचं तसं नव्हतं, म्हणून ते तीन दिवस तिथेच काढावे लागले.

मे महिन्याचं मी बोलतच नाही. आमच्याकडे कुणी म्हणेल, सोलापूरकर उन्हाला काय घाबरणार! माझ्या मामेभावाची दोन वर्षं तिथे नोकरीत गेली, त्याला विचारा. मेमध्ये तिथे कत्तिरी म्हणून कडक उन्हाचे तीनेक आठवडे असतात, अग्नीनक्षत्रही म्हणतात. पारा आपल्याएवढाच किंवा कमीच, पण समुद्राच्या दमट हवेत घाम वाळत नाही. सोलापुरात सावलीत उभं राहिलं की जीव वाचतो. तिथे सावलीही ओली असते.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी २६ डिसेंबरला निघालो, आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी परत यायचंच होतं, कारण त्या यात्रेला आई सोलापूर सोडून कुठेही राहत नाही. मुक्काम मैलापूरलाच केला, देवळापासून चालत दहा मिनिटांवर. दिवसा २८-२९ अंश, पहाटे २१-२२. रस्त्यावरच्या माणसांनी मात्र कानटोप्या आणि मफलर घातलेले. त्यांची हीच थंडी, आणि ती त्यांना मनापासून आवडते.

मार्गळी म्हणजे काय हे मला तिथे पहिल्या पहाटे आईने सांगितलं. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. "अगं, हा तर आपला धुंधुरमास!" आई रस्त्यातच थांबली. तिच्या माहेरी पहाटे उठून, सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असा नैवेद्य दाखवून जेवायची पद्धत होती. आमच्या घरात ती माझ्या लहानपणीच मोडली. आणि इथे पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या देवळात पहाटे साडेपाचला संत आंडाळची तिरुप्पावै म्हणत होते, तीस पदं, महिनाभर रोज एक. बाहेर येताना हातात पानाच्या द्रोणात गरम पोंगल ठेवला. तांदूळ, मुगाची डाळ, तूप, अख्खी मिरी. आईने एक घास घेतला, बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "मिरी सोडली तर हे माझ्या आईच्या हातचं आहे."

संगीताबद्दल मी कमी लिहिते, कारण मला त्यातलं फार कळत नाही. पण या दिवसांत शहरभर सभांमधून, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थांमधून, सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालू असतात. म्युझिक अकादमी १९२८ पासून आहे, पण आम्हाला तिथल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची तिकिटं मिळाली नाहीत. दुपारच्या मैफली बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, तरुण मुलं-मुली गातात, आणि त्या आम्ही पोटभर ऐकल्या. एका दुपारी विशी-बाविशीच्या एका मुलीने शेवटाकडे येऊन विठ्ठलाचा अभंग धरला. सभागृहात माणसं पन्नासेक, बहुतेक सगळी पिकल्या केसांची, आणि सगळ्यांचे हात एका तालात. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. आपली कीर्तनाची रीत तिकडे पोचली आणि त्यांच्या हरिकथेत मुरली. आज कर्नाटक संगीताच्या मैफलीच्या शेवटी अभंग येणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. त्या मुलीच्या तोंडचा तो "विठ्ठल" ऐकताना आई हुंदके देऊन रडली. शेजारच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि काही न बोलता पुन्हा ताल धरला. सभेच्या कॅन्टीनमध्ये पानावर जेवायला तासभर रांगेत उभं राहावं लागलं, ते मला आवडलं नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असायला हवी.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते ३० डिसेंबरच्या पहाटेसाठी.

देवळाच्या मागच्या एका गल्लीत, सव्वापाचच्या सुमाराला, एक साठीतल्या बाई दारापुढे सडा घालत होत्या. नेसूची सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, ओल्या केसांचा अंबाडा, त्यात मोगऱ्याचा कालचा तुकडा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ओली जमीन चमकत होती. त्यांनी स्टीलचा डबा उघडला, चिमूट भरली आणि कमरेत वाकून ठिपके टाकायला सुरुवात केली. एकदाही खाली बसल्या नाहीत. रांगेत पंधरा, मग चौदा, मग तेरा. हाताने मोजमाप नाही, दोरी नाही, आणि एकही ठिपका जागा सोडून नाही. आई थबकली. तिने आयुष्यभर दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे. ही तिची विद्या आहे, आणि समोर त्याच विद्येतलं दुसरं माणूस होतं.

मग त्यांनी रेघ सोडली आणि आईचा श्वास रोखलेला मला ऐकू आला. आपण ठिपका ठिपक्याला जोडतो. त्या बाईंची रेघ एकाही ठिपक्याला शिवत नव्हती. प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून, स्वतःलाच ओलांडून, खाली जाऊन वर येऊन, शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. एकच अखंड रेघ आणि आत एकेका घरात एकेक ठिपका. मधोमध त्यांनी शेणाचा छोटा गोळा ठेवला आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलं.

आई म्हणाली, "त्यांना विचार ना, मी काढू का?" मी कसं विचारणार, मला तमिळ येत नाही. विचारायची गरजच पडली नाही. बाईंनी आईच्या हाताकडे बघितलं. आईची बोटं नकळत हवेत चिमूट धरून बसली होती. त्या हसल्या, "वांगो, वांगो" (या, या) म्हणाल्या आणि डबा पुढे केला. आत जाऊन आईसाठी एक पाटही आणला.

डब्यात तांदळाचं पीठ होतं. आपली रांगोळी दगडाची, जड, बोटांतून सरसर उतरते. हे पीठ हलकं, जरा ओलसर हात लागला की बोटाला चिकटतं, वाऱ्यावर उडतं. हे मुंग्यांसाठी असतं, आईला ठाऊक होतं, "देवाचं आणि मुंग्यांचं एकदम होतं," ती पुटपुटली. तिने आधी कोपऱ्यात तिची गोपद्मं काढली, चार. बाईंनी ती ओळखली की नाही कोण जाणे, पण मान डोलावली. मग नऊ ठिपके टाकून त्यांनी आईला खूण केली, आता वळसा.

आईची रेघ तीन वेळा सरळ ठिपक्यावर जाऊन बसली. पासष्ट वर्षांची सवय ती. चौथ्या वेळी त्या बाई खाली वाकल्या, आईचं मनगट आपल्या हातात धरलं आणि ठिपक्याभोवती फिरवलं. हलकेच, लहान मुलाला पहिलं अक्षर गिरवायला देतात तसं. मी मोबाईल काढला होता, तो परत ठेवून दिला. दोघींची पिठाने पांढरी झालेली बोटं, दोघींच्या हातात बांगड्या, एकीच्या हिरव्या आणि एकीच्या सोन्याच्या. वळण पुरं झालं तेव्हा दोघी एकदम "हां" म्हणाल्या. त्या एका शब्दाला दोन भाषा लागल्या नाहीत.

नंतर दावरा-टंबलरमधून, तिथल्या वाटी-पेल्यातून, कॉफी आली. पैसे देण्याचा विचार मनात आणलेलासुद्धा त्यांना आवडला नसता, म्हणून आईने सोबत नेलेली शेंगाचटणी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

कालिकांबाळ झालं, एग्मोरच्या संग्रहालयातले कांस्य नटराज झाले, मरीनावर दोन संध्याकाळी बसलो. सगळं कोरड्या पायांनी. पितळेच्या दुकानातल्या आजोबांकडेही गेलो, पण शटर बंद होतं आणि शेजारच्यांना आमचं बोलणं कळेना. त्यांना "आम्ही मार्गळीत आलो" एवढं सांगायचं राहून गेलं. संक्रांतीच्या जवळ जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की पोंगलला अर्धं शहर गावी जातं आणि गाड्या भरतात. त्याआधीच्या पहाटे त्यांच्याही भोगीला जुनंपानं जाळतात, तेव्हा धुराने गुदमरायला होतं. आम्ही ४ जानेवारीला निघालो.

गड्ड्याला नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्यांचे गालिचे पडतात. आमचं घर त्या वाटेवर नाही, बहिणीचं आहे. या वर्षी आई पहाटेच तिच्या दारात जाऊन बसली. मोर, कमळं, शंख असे सगळीकडे रंग भरणं चालू होतं. आईने पांढरीच रांगोळी घेतली, पाटावर बसून पंधरा ठिपक्यांची ओळ टाकली आणि पहिल्या ठिपक्याला न शिवता रेघ वळवली.