ताई उठून गेली

‘तुला याचं हसू येतं?’ काल रात्री ताई एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. आज दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

‘जाने भी दो यारो’ हा सिनेमा लावायचं तिनंच सुचवलं होतं. अण्णांनंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र काहीतरी बघत होतो. कमिशनर डिमेलोचं प्रेत नाटकाच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन येतं, तिथे मी पोट धरून हसत होते. ती हसत नाहीये हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मेलेल्या माणसाला हसले का मी? की त्याला ओढणाऱ्या जिवंत माणसांना?

तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून बघितला. प्रेत म्हणजे खुनाचा पुरावा, म्हणून प्रत्येकाला ते हवंय. साडीखाली कोण आहे ते उघडं पडू नये म्हणून खुद्द दुर्योधन वस्त्रहरण नको म्हणतो! इतक्या लोकांत एकालाही तो माणूस मेल्याचं काही वाटत नाही. मी त्या बेफिकिरीला हसले, असं मला ठामपणे म्हणायचंय. पण सतीश शाह यांनी ती मान अशी काही लुळी टाकलीय की निव्वळ त्या मानेलाही हसू आलं, हेही खरं. ताईला त्या मानेत काय दिसलं असेल... जाऊ दे.

मला हे सिनेमे इतके का आवडतात? विनोद काळा आहे म्हणून नाही. मृत्यूवर नुसत्या कोट्या करणारे सिनेमे मला अर्धेसुद्धा बघवत नाहीत. चांगल्या सिनेमात विनोद करतोय असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसतच नाही. जो तो आपापल्या कामात गंभीर. दिग्दर्शक कुब्रिकच्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मध्ये (१९६४) अणुबॉम्ब घेऊन निघालेली विमानं परत बोलवायचा संकेत कॅप्टन मँड्रेकला सापडलाय आणि राष्ट्राध्यक्षांना फोन करायला सुट्टी नाणी नाहीत. कोकाकोलाच्या मशीनवर गोळी झाडून नाणी काढ म्हटलं, तर कर्नल बजावतो की कंपनीला जाब तुला द्यावा लागेल. जग संपायला आलंय आणि त्याला काळजी मशीनची. कुब्रिक आधी एका गंभीर कादंबरीवरून गंभीर सिनेमाच लिहीत होता. हास्यास्पद वाटतील म्हणून जे प्रसंग तो गाळत होता तेच सगळ्यांत खरे आहेत, हे त्याला लिहिता लिहिता कळलं. शेवटासाठी त्यानं वॉररूममध्ये एकमेकांवर क्रीमचे केक (‘पाय’) फेकण्याची जंगी मारामारी चित्रित केली होती, तीही कापून टाकली, कारण ती फार्स झाली होती. हसू हातात आलेलं असताना ते सोडून द्यायचं, याला केवढी समज लागते!

हे सगळं ताईला सांगून काय उपयोग.

खरं तर मला वाईट याचं वाटतंय की तिनं मलाच विचारलं. त्या दिवसांत सगळे कागद मी भरले, सगळे फोन मी घेतले, आलेल्या प्रत्येकाला तेच तेच मी सांगितलं. थोडं हसले तर माझं दुःख कमी ठरतं का? ती रडली ते सगळ्यांना दिसलं. माझं कुणी...

आणि हे लिहितानाच ती खिडकी आठवली. अण्णांचा मृत्यूचा दाखला मी पुढे सरकवला. पलीकडच्या माणसानं तो नीट वाचला आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, अर्जदारानं स्वतः सही करायला यावं लागेल. तो चेष्टा करत नव्हता, नियम सांगत होता. आम्ही बाहेर आलो आणि ताई जिन्यात बसून हसायला लागली. थांबेचना. मी तिचा दंड धरून उभी होते, घाबरलेली. ‘तुला याचं हसू येतं?’ असं मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला तरी काय सांगता आलं असतं?

आता तिच्यावरचा राग गेलाय. तिचं हसू तेव्हा आलं, माझं काल आलं. दोघींना एकाच वेळी यायला हवं असं थोडंच आहे.

फक्त एक सलतंय. तिनं शेवट पाहिलाच नाही. पूल कोसळल्याचा आळ सिनेमातल्या त्या दोघा फोटोग्राफर नायकांवर, अंगावर कैद्यांचे कपडे, मागे ‘हम होंगे कामयाब’, आणि कॅमेऱ्याकडे बघून गळा चिरल्याची ती खूण. तोवरचं सगळं हसू तो शेवट घशात अडकवतो. १९८३ सालचा सिनेमा, मी कितीदा पाहिलाय, तरी दर वेळी त्या खुणेपाशी संताप होतो. आधी हसले नसते तर तो इतका झाला नसता, हे मला तिला सांगायचं होतं.

उद्या विचारणार आहे, उरलेला बघू या का म्हणून. नको म्हणाली तर थांबेन. काही महिन्यांनी परत विचारेन.