बडोद्याचा एक दिवसाचा प्लॅन, पण पॅलेसला फक्त अर्धा दिवस

डिसेंबरात बडोदा करायचं एकदाचं ठरलंय. आई, मावशी, मी, नवरा आणि मावशीचा नातू. सगळ्यांना बघायचाय लक्ष्मी विलास पॅलेस, आणि "बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा" हे फॉरवर्ड एव्हाना प्रत्येकाने प्रत्येकाला पाठवून झालंय. मी आधी जाऊन आलेली असल्यामुळे प्लॅनचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि माझं पहिलंच म्हणणं कोणाला पटलं नाही, ते म्हणजे पॅलेसला तीन तास द्या, फार तर साडेतीन, उरलेला दिवस सयाजी बागेत घालवा. "बाग काय बघायची एवढी, बागा काय आपल्याकडे नाहीत?" इति मावशी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतेय, तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी वार. सोमवारी पॅलेस बंद असतो, म्युझियमही बंद, त्यामुळे रविवारला जोडून सोमवारची सुट्टी काढली असेल तर विसरा. शक्यतो मधला वार घ्या, रविवारी गर्दी असते. आणि पावसाळ्यात अजिबात नको, विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि चढली की काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

मुंबईहून जाताना सकाळची वंदे भारत नाहीतर शताब्दी, दोन्ही बोरिवलीला थांबतात म्हणून आमच्या सोयीच्या. येताना मात्र लोक घोळ घालतात, दुपारचीच गाडी पकडतात आणि मग पॅलेसमधून पळत सुटतात. मी सरळ रात्री उशिराची गुजरात मेल धरलीय, बर्थवर आडवं व्हायचं, सकाळी मुंबई. आईला रात्रीचा प्रवास चालतो, मावशीला चालत नाही पण तिला खालचा बर्थ मिळाला की चालतो.

आता पॅलेस. स्टेशनवरून रिक्षा करा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिकीट काढलं की ऑडिओ गाईड हातात देतात, तो नीट ऐका, घाई करू नका. आत फोटो काढू देत नाहीत हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या ग्रुपमधले काही जण निव्वळ फोटोसाठीच येतायत. बाहेरून हवे तेवढे काढा, लॉनवर उभं राहून सबंध इमारत फ्रेममध्ये येते का बघा, मला तरी ते जमलेलं नाही. आणि अजून एक, राजघराणं आजही तिथे राहतं, त्यामुळे तुम्हाला दाखवतात तो एक भाग, बाकी सगळं बंद दारांआड. जयपूर-उदयपूर बघून आलेले लोक इथे थोडे खट्टू होतात ते याच्यामुळे.

पण जे दाखवतात ते मस्तच आहे. दरबार हॉल तर बघतच राहावं असा, एवढ्या रुंद खोलीत मधे एकही खांब नाही, खाली व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझॅइकची फरशी, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा, आणि वर झरोके, तिथे बसून राजघराण्यातल्या बायका गाणं ऐकायच्या. उस्ताद फैयाज खाँ या दरबाराचे गवई होते, म्हणजे गाणं कुठल्या लेव्हलचं असेल विचार करा. शस्त्रागार आहे, तिथे मुलं रमतात. फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचे पुतळे आहेत, तेही ऑडिओवाला सांगतो.

पॅलेस बांधून झाला १८९० मध्ये, सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात. डिझाईन मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरचं, आणि तो १८८१ मध्येच गेला. आपली गणितं चुकलीयत, इमारत कोसळणार अशी धास्ती घेऊन त्याने जीव दिला ही गोष्ट बडोद्यात कोणीही सांगेल, खरी-खोटी देव जाणे, इमारत मात्र जागची हललेली नाही. पुढचं काम चिझम नावाच्या आर्किटेक्टने पूर्ण केलं. दगड सोनगडचा, थोडा आपल्या पुण्याकडचा काळा दगडही आणलेला. आणि भोवतीची बाग आखायला विल्यम गोल्डरिंग नावाचा लंडनच्या क्यू गार्डन्समधला माणूस. त्या बागेत तुम्ही फारसं फिरू शकत नाही, तोच तर माझा मुद्दा आहे. आवारात नवलखी वाव आहे, १४०५ सालची पायऱ्यांची विहीर, म्हणजे पॅलेसपेक्षा पावणेपाचशे-एक वर्षं जुनी, पण नेहमीच्या तिकिटात तीही नाही. गोल्फ कोर्स लांबून दिसतो. माकडं जवळून दिसतात, खाण्याच्या पिशव्या सांभाळा.

त्याच आवारात महाराजा फतेसिंह म्युझियम आहे, तिकीट वेगळं, आणि ते वाचवायला जाऊ नका. राजा रविवर्म्याची इतकी ओरिजिनल चित्रं एका ठिकाणी दुसरीकडे सहज बघायला मिळत नाहीत. आपल्या सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर होती ती लक्ष्मी-सरस्वती डोक्यात असते, आणि इथे समोर उभं राहिल्यावर कळतं की जरीच्या काठावर त्याने किती वेळ घालवलाय, कापडाची चुणी जिथे वळते तिथे जरीचा रंग बदलतो, छापील चित्रात ते कधी दिसलंच नव्हतं. आईला इथे अर्धा तास एकटीला सोडणार आहे. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा, आणि त्यांना पॅलेसवरून शाळेत न्यायला आवारात छोटी रेल्वे होती. हे नातवाला सांगितलं तर तो आपल्या स्कूल बसला शिव्या घालत बसला.

दीड-दोन वाजेपर्यंत हे उरकून बाहेर. जेवणाचं मी काही ठरवत नाही, गुजराती थाळी कुठेही मिळते, फक्त आकंठ जेवू नका कारण संध्याकाळी सेव उसळ आहे.

जेवून कीर्ती मंदिर. गायकवाडांच्या पूर्वजांचं स्मारक आहे, आणि भिंतींवर नंदलाल बोस यांनी केलेली चित्रं, गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध. इतक्या मोठ्या चित्रकाराचं काम आहे आणि मी गेले होते तेव्हा आत मी आणि एक झाडू मारणाऱ्या बाई, बस. अर्धा तास पुरतो.

तिथून सयाजी बाग जवळच. बडोदेकर कमाटी बागच म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. सव्वाशे एकराच्या आतबाहेर पसरलेली, विश्वामित्रीच्या काठाला, १८७९ मध्ये सयाजीरावांनी लोकांसाठी केलेली. म्हणजे बघा, हा माणूस नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ, १८७५ मध्ये दत्तक गेला, आणि सोळा वर्षांचाही धड झालेला नसताना बाग लोकांना दिली असं वाचताना भारी वाटतं, अर्थात तेव्हा कारभार दिवाण टी. माधवराव बघत होते, तेही खरं. स्वतःचा पॅलेस तयार व्हायला अजून अकरा वर्षं होती. पुढे १८९३ मध्ये क्रुंबीगेल नावाचा जर्मन माणूस इथल्या बागा सांभाळायला आला, आणि नंतर तो बंगलोरला जाऊन तिथल्या लालबाग बागेचा माणूस म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्याआधीची बरीच वर्षं त्याने बडोद्यात काढलीयत.

बागेत शिरलात की आधी बडोदा म्युझियम गाठा, पाचच्या सुमाराला बंद होतं, झाडं नंतरही तिथेच असतील. इजिप्तची ममी आहे, आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, बावीस मीटरच्या आसपास लांब, तो बघून पोरं गप्प होतात. मग बाहेर या, टॉय ट्रेन (चालू असेल तर), फुलांचं घड्याळ, बँडस्टँड, भेळ, जे हवं ते करा.

आणि मग बागेतलीच संकल्प भूमी. मावशीला हेच सांगायचं राहून गेलं होतं. बाबासाहेबांना सयाजीरावांनी १९१३ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला स्कॉलरशिप दिली, अट अशी की परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. अटीप्रमाणे ते १९१७ मध्ये आले. महाराजांनी बोलावलेला, परदेशात शिकून आलेला अधिकारी, पण शहरात राहायला कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. मुंबईची गाडी रात्री होती, तोपर्यंत जायचं कुठे, तर या बागेत. झाडाखाली बसून राहिले. २३ सप्टेंबर १९१७. दर वर्षी त्या तारखेला इथे हजारो लोक येतात, महाराष्ट्रातूनही गाड्या करकरून येतात, आणि पॅलेसच्या फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नसतो.

मला हे नेहमी खटकतं, म्हणजे महाराजांचा मोठेपणा खराच आहे, पण राजाने पत्र दिलं म्हणून धर्मशाळेच्या दारातली काठी खाली आली नाही, हेही त्याच गावात घडलेलं आहे. दरबार हॉल बघून इथे आलं की दोन्ही गोष्टी एकाच दिवशी डोक्यात जातात, म्हणून मी पॅलेस सकाळी आणि बाग संध्याकाळी ठेवलीय, उलटं नाही. आमचीही मुंबईची गाडी रात्रीचीच आहे.

बागेतून स्टेशन एवढं जवळ की सामान कमी असेल तर चालत जाल. पण त्याआधी सेव उसळ. आपल्या मिसळीची आठवण काढत खाऊ नका, वेगळा प्रकार आहे, पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाडी शेव, हिरवा कांदा, आणि लालभडक तरी बाजूला देतात ती आपल्या जबाबदारीवर घ्यायची. सोबत पाव. मग लिलो चिवडा बांधून घ्यायचा, भाकरवडीही घ्यायची. भाकरवडीवरून आई आणि मावशीचं आत्ताच सुरू झालंय, आई म्हणते पुण्याची सोडून बडोद्याची कशाला, मावशी म्हणते चव तर घेऊ दे. दोन्ही प्रकारची पाकिटं घरी येणार हे मला माहितेय, पिशवी मोठी घेतलीय.

विश्वामित्रीत मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, भर शहरात. नातवाला प्लॅनमधलं फक्त तेवढंच आवडलंय. पुलावर थांबून बघू, दिसली तर दिसली, काठाला कोणी उतरायचं नाही.