आमची वाटचाल : मर्क्युरियलवाले

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सिस्टीम कंपन्यांना बसवून द्यायचा आणि शिकवायचा आमचा धंदा. मर्क्युरियल ही त्यातलीच एक, म्हणून आम्हाला पुण्यात अजून काही जण ‘मर्क्युरियलवाले’ म्हणतात. पूर्वी राग यायचा.

सुरुवात सीव्हीएस या अशाच एका जुन्या सिस्टीमवर. मी, माझा भागीदार, एक सेकंडहँड सर्व्हर आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भोसरीत पॅकिंग मशीनचे कंट्रोलर बनवणारे साहेब. दिवस लोडशेडिंगचे. सात फाइलींचं कमिट, म्हणजे बदलांची नोंद, चालू असताना वीज गेली की चार आत, तीन बाहेर आणि रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, लॉक अडकलेलं. ते मी हाताने उडवायचो. भागीदार कोणाची कुठली फाइल राहिली ते विचारत फिरायचा. मग आम्ही सबव्हर्जन या पुढच्या सिस्टीमवर गेलो. तिच्यात कमिट जाईल तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. तेवढ्यावर आम्ही पेढे वाटले होते. पुढची काही वर्षं बरी गेली.

2009 मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने सबव्हर्जन सोडायचं ठरवलं. बझार, गिट, मर्क्युरियल या तीन सिस्टीमची रीतसर तुलना झाली. विंडोजवर गिट तेव्हा लंगडत होतं, पायथॉनच्या बऱ्याच डेव्हलपरांना ते नकोसं होतं, आणि मर्क्युरियल स्वतः मुख्यतः पायथॉनमध्येच लिहिलेलं. कौल मर्क्युरियलला गेला. आमची गिऱ्हाइकं झाडून सगळी विंडोजवर. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पुरतंय तर आपल्याला का नाही, म्हणून आम्हीही तेच धरलं. प्रत्यक्षात पायथॉन 2011 मध्ये हललं. आम्ही त्याच्या आधीच. घाई माझीच.

मग ती शुक्रवारची संध्याकाळ. साहेबांच्या इंजिनिअरला मी फोनवर सांगितलं, “412 लावा.” मर्क्युरियलमध्ये कमिटचा हा आकडा ज्याच्या त्याच्या क्लोनपुरता, म्हणजे स्वतःच्या प्रतीपुरता, असतो. माझं 412 वेगळं, त्याचं वेगळं. अर्धवट कोड मशीनवर चढला आणि लाइन रात्रभर बंद. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्गात मीच शिकवायचो. तुम्हीही फोनवर आकडा सांगू नका, बारा अक्षरी हॅश, म्हणजे त्या कमिटची सगळ्या प्रतींत सारखीच असणारी खूण, सांगा, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका कंपनीला ही बातमी कशी कळली, देव जाणे. “ते जुनाट सिस्टीम विकतात,” असं सांगत त्यांनी गिटच्या नावाने आमची तीन गिऱ्हाइकं नेली. चूक सिस्टीमची नव्हती, माझ्या जिभेची होती, पण ते ऐकतो कोण! दोन महिने पगार भागीदाराच्या एफडीतून झाले. साहेबांनी मात्र नुकसान मागितलं नाही. “बिल पाठवा, आणि पुढच्या वेळी नीट बोला,” एवढंच.

फेब्रुवारी 2017 मध्ये पायथॉन गिटहब या गिटवरचे प्रकल्प ठेवायच्या वेबसाइटवर गेलं, कारण नवे लोक आधीच तिथे होते. मर्क्युरियल तंत्रात हरलं असं मी आजही म्हणणार नाही. सिस्टीम निवडताना फीचरचा तक्ता नंतर बघा. उद्या येणारा पोरगा काय शिकून येतो, ते आधी विचारा. आम्हीही वर्षभरात गिटवर आलो.

साहेबांचा एक जुना प्रॉडक्ट तेवढा मर्क्युरियलवर राहिलाय. दर एप्रिलला एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं, बिल जातं, आणि फोन आला की तिकडचा इंजिनिअर आधीच हॅश वाचायला लागतो.