जिंकलो, पण…

“मामा, आपण जिंकलो ना? मग म्युझिक असं रडकं का वाजतंय?”

‘शॅडो ऑफ द कोलोसस’मधला पहिला राक्षस नुकताच कोसळला होता. भाच्याला काय सांगावं, सुचेना.

2005 चा गेम. एकूण सोळा अजस्र प्राणी, बारीकसारीक शत्रू कुणी नाहीतच. त्यांच्या अंगावरचे केस धरून चढायचं, पकड सुटू द्यायची नाही आणि चमकणाऱ्या खुणेवर तलवार खुपसायची. एवढं करून तो पडला, की जल्लोष नाही. संथ, उदास सूर. वर त्याच्या अंगातून काळे धागे निघतात आणि नायकाच्याच शरीरात घुसतात. तेरावा तर बिचारा आपल्यावर हल्लाही करत नाही!

रेसिंग, फुटबॉल वगैरेंत हिशोब सरळ असतो. पहिले आलो, नाचलो, संपलं. (मलाही तेच आवडतं, खोटं कशाला बोलू.) 1984 च्या टेट्रिसमध्ये वेग वाढत जातो आणि शेवटी हरायचंच असतं, तरी कुणी रडकं म्युझिक लावत नाही. इथे मात्र जिंकणाऱ्यालाच अपराधी वाटायला लावलंय, आणि ते आठ वर्षांच्या पोराला माझ्याआधी कळलं.

जिंकूनही चुटपुट लावणारा गेम तुम्ही खेळलायत? आणि उरलेले पंधरा त्याच्यासमोर खेळू का?