तुम्ही विचारलंत म्हणून: कापसाची जिन, बाटलीतली जिन

राजेहो, एकदाच लिहून टाकतो. जिनिंगवाला, म्हणजे यंत्रावर कापसाची रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी करणारा, दिसला की डोळा मिचकावून विचारता, कापसाची जिन आणि दारूची जिन, नाव एकच कसं? जणू आम्ही सरकीची गाळतो.

दोघींचं नातं नाही. बाटलीतली जिन डच ‘येनेव्हर’वरून आली, मुळाशी जुनिपर झुडपाचं लॅटिन नाव. त्याच्याच फळांचा तिला वास. इंग्रजांनी आधी ‘जिनिव्हा’ केलं, मग शेपूट छाटलं. जिनिव्हा शहराचा यात हात नाही. जीन पँट जेनोआ बंदराची, घोड्यावरचं जीन फारसी. झालं.

आपली जिन म्हणजे ‘इंजिन’, मुंडकं गळालेलं. लॅटिनमध्ये ‘इंगेनियम’ म्हणजे उपजत अक्कल. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एंजिन’ म्हणजे युक्ती, यंत्र. इंग्रजीत पाखरांचा फासाही जिनच.

अमेरिकेतल्या व्हिटनीचं कापसाच्या जिनचं १७९४ चं पेटंट सगळ्यांना पाठ, पण हिंगणघाट-वणीकडे त्याची दातेरी जिन नाही. आपली डबल रोलर. तिचं मूळ मॅकार्थीच्या १८४० च्या पेटंटात. चामड्याच्या चकत्यांचा, खाचा पाडलेला रोलर रुई धरतो आणि त्याला टेकलेल्या स्थिर सुरीखालून ओढतो. सरकी तिथं अडते. हलती सुरी तिला झटकते, ती जाळीतून खाली पडते. खाचा बुजल्या की पकड जाते, सरकीवर रुई राहते. सुऱ्यांची बैठक चुकली की सरकी फुटते, तुकडे रुईत जातात, ग्रेड पडते.

आणि ओला कापूस! त्याचा भाव कापला की तुम्हा शेतकऱ्यांच्या शिव्या आम्हालाच. ओली रुई रोलरला गुंडाळते, घासून तापते. त्यात खडा नाहीतर खिळा आला की ठिणगी, आणि रुईला ठिणगी पुरे. शिवाय ओल सुकली की वजन घटतं, ते कोणाच्या खात्यात टाकायचं? १०० किलो कापसातून ३३-३५ किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस. ओल मोजायचं मीटर ढिगाच्या वरच खुपसलं तर आतली ओल कळत नाही, हेही खरं. तिथं तुमची तक्रार रास्त आहे.

मग जिनला ‘रेचा’ हा आपला शब्द काय वाईट होता? यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. जुने लोक रेचाच म्हणत. पण पाटीवर जिनिंग, बिलावर जिनिंग. रेच्यावर चल म्हटलं तर गाडीवाला विचारतो, कुठं?